ते गाडीतून उतरत का नाहीत?

वाटचुकार
मंडळी, गेले आठ महिने एका दीर्घकथेच्या मागे आहे. (कादंबरी म्हणायची अजून छाती होत नाही.) परीक्षा संपवून फिरायला निघालेली तीन मुलं (केतकी, रोहन आणि सायली), शेवटची बस चुकते, एक सभ्य गृहस्थ गाडीत घेतात आणि पुढचे दोन दिवस ही तिघं त्यांच्या घरात. सुरा नाही, तळघर नाही, मुखवटा घातलेला वेडा नाही. जे व्हायचं ते डोक्यात व्हायला हवं, अशी माझी कल्पना.

खर्डा चार जणांना वाचायला दिला. चौघांनीही एकाच पानावर, जवळजवळ त्याच ओळीपाशी पेन्सिलीने लिहिलं: 'मग ही उतरत का नाहीत?' एकाने पुढे 'बिनडोक आहेत का?' अशी भर घातली. तो उतारा देतो. हवं तेवढं झोडा.

'गाडी मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळली. केतकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. झाडांच्या सावल्या राक्षसांसारख्या भासत होत्या. तिने मोबाइल काढला. नेटवर्क नव्हतं. "हा रस्ता कुठे जातो, काका?" तिने घाबरत विचारलं. आरशात त्याचे डोळे चमकले. "शॉर्टकट आहे," तो गूढ हसला.'

प्रश्न एवढाच, की वाचक केतकीला मूर्ख म्हणणार नाही अशा बेताने तिला गाडीत बसवून कसं ठेवू?

तिरकस
गूढ हसला म्हणजे नेमका कसा हसला? आरशासमोर तीनदा करून पाहिलं. बायकोने दाढ दुखतेय का विचारलं.

निशाचर
'नेटवर्क नव्हतं' या वाक्यावर कायद्याने बंदी आणायला हवी. मोबाइल आल्यापासून प्रत्येक थरारकथेत पहिल्या वीस पानांत फोनचा मुडदा पडतो. बॅटरी संपते, पाण्यात पडतो, चार्जर घरी राहतो. वाचकाला त्यात धोका दिसत नाही, लेखकाची सोय दिसते.

उलट करून बघा. फोन चालू ठेवा, रेंज फुल ठेवा. आईचा फोन दोनदा येऊ दे आणि दोन्ही वेळा पोरीला 'हो गं, सगळं ठीक' म्हणू दे, कारण काका शेजारीच बसलेत आणि त्यांच्या देखत 'मला भीती वाटतेय' म्हणणार कसं? लोकेशन शेअर केलेलं आहे, म्हणून घरचे निर्धास्त. नकाशावर निळा ठिपका सरकतोय म्हणजे लेक सुखरूप, असं धरून चाललेत. ठिपका फोनचा असतो, लेकीचा नसतो.

मी_काठावरची
+१ निशाचर. ठिपक्याचं वाक्य चोरणार आहे.

उंबरा
मी मानसशास्त्र शिकवतो, तेव्हा प्रतिसाद लांबणार, आधीच माफी.

तुमच्या चार वाचकांना एक गोष्ट ठाऊक आहे जी केतकीला नाही: आपण थरारकथा वाचतोय. त्यांच्या हातात मुखपृष्ठ आहे. केतकीच्या हातात फक्त एक संध्याकाळ आहे, आणि तिच्या आजवरच्या शेकडो संध्याकाळी काही न होता पार पडल्यात. त्यामुळे 'का उतरत नाही' याचं उत्तर बिनडोकपणात शोधू नका. ते शेजारच्या दोघांच्या चेहऱ्यांवर शोधा.

१९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण खोलीत आणखी दोन माणसं, आधीच पढवून ठेवलेली, धुराकडे दुर्लक्ष करून लिहीत बसली असतील, तर फक्त १० टक्के उठले. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हाताने धूर बाजूला सारत होते, पण प्रश्नावली भरत होते! नंतर विचारलं तेव्हा कुणी म्हणालं वाफ असेल, कुणी म्हणालं वातानुकूलनातून काही येत असेल. यातला कुणीही मूर्ख नव्हता.

आता गाडीतली तिघं बघा. केतकी मागे वळून रोहनकडे बघते: हा तर निवांत आहे. रोहन निवांत दिसतो, कारण मुलींसमोर त्याला टरकलेलं दिसायचं नाही. सायली दोघांकडे बघते आणि मान टेकून डोळे मिटते. तिघंही घाबरलेली आणि तिघंही एकमेकांना धीर देतायत, तेही एक शब्द न बोलता. तुमच्या उताऱ्यात केतकी एकटीच घाबरते. बाकी दोघं गाडीत आहेत हेसुद्धा कळत नाही.

वळणवाट
उंबरा सरांना पुरवणी. जेरी हार्वी या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७४ साली 'ॲबिलीनचा विरोधाभास' मांडला, तो तर सरळसरळ प्रवासाचाच किस्सा आहे. टेक्सासमधलं कुटुंब, रणरणतं ऊन, घरात आरामात डॉमिनोचा डाव चाललेला. सासरे म्हणतात, ॲबिलीनला जेवायला जाऊ या. ५३ मैल, गाडीत एसी नाही. सगळे 'हो हो' म्हणतात. घामाघूम होऊन, वाईट जेवून परत येतात आणि मग एकेकाच्या तोंडून बाहेर पडतं की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनाही नव्हतं. बाकीचे कंटाळलेत असं वाटून त्यांनी सहज काढलं होतं.

म्हणजे खलनायक नसतानाही चार शहाणी माणसं नको त्या ठिकाणी जाऊन पोचतात. तुमच्याकडे तर खलनायक आहे. त्याने फक्त 'बघा बुवा, तुमची इच्छा' म्हणायचं.

तिरकस
आमच्या ग्रुपची गेल्या दहा वर्षांतली प्रत्येक सहल.

जुनाट
प्रयोग बाजूला ठेवा, खरं घडलेलं सांगतो.

जानेवारी १९९०, ऑस्ट्रेलिया, ह्यूम हायवे. एक ब्रिटिश तरुण लिफ्ट घेऊन निघाला. गाडी चालवणारा आधी गप्पिष्ट, मग त्याचे प्रश्न आणि बोलणं विचित्र होत गेलं. पुढे त्याने गाडी बाजूला घेतली आणि मागून कॅसेट काढतो म्हणाला. तरुणाच्या लक्षात आलं, कॅसेट तर पुढेच पडल्यात. तो उतरला. चालवणाऱ्याने हटकलं, काय चाललंय, आत बस. आणि तो पुन्हा आत बसला! सीटबेल्टसुद्धा लावला. त्यानंतर पिस्तूल निघालं.

नशीब बलवत्तर. तो पळाला, मागून गोळी झाडली गेली, समोरून येणाऱ्या एका गाडीला आडवा गेला आणि वाचला. पाठपिशवी आणि पासपोर्ट मागे राहिले. त्याच दिवशी पोलिसांत तक्रारही दिली, पण ती तशीच पडून राहिली. १९९२-९३मध्ये बेलांग्लोच्या जंगलात तरुण प्रवाशांचे मृतदेह सापडले, तेव्हा त्याने ब्रिटनहून पुन्हा फोन केला. गाडी चालवणारा तो माणूस, इव्हान मिलाट, १९९४ला पकडला गेला आणि १९९६ला सात खुनांबद्दल दोषी ठरला.

तुमचे वाचक विचारतात 'उतरत का नाहीत'. हा पोरगा उतरला होता.

वाटचुकार
जुनाट, सकाळी वाचलं तेव्हापासून तो सीटबेल्ट डोक्यातून जात नाहीये. हे मी कथेत लिहिलं असतं तर चौघांनीही 'अशक्य' म्हणून खोडलं असतं.

उंबरा सर, मुद्दा मान्य. रोहन आणि सायली मी फक्त पुढे मारायला… म्हणजे, पुढे उपयोगी पडावीत म्हणून ठेवली होती. आता लाज वाटतेय.

दीपमाळ
खूप दिवसांनी लॉगिन केलं, ते जुनाट यांचा प्रतिसाद वाचून.

मी एकवीस वर्षांची होते. मी आणि मैत्रीण, रात्री उशिरा पोचलेली गाडी, अनोळखी गाव. स्टेशनबाहेर एक बाई भेटली, आईच्या वयाची. कुठे उतरणार विचारलं, नाव ऐकून तोंड वाकडं केलं, तिथे मुलींनी राहू नये म्हणाली. आमचं घर जवळच आहे, सकाळी जा. आणि बोलता बोलता माझ्या हातातली पिशवी तिने घेतली. ओढली नाही. 'दमलीस गं' म्हणत घेतली.

पुढे काय झालं असेल? पिशवी चालायला लागली आणि मी पिशवीच्या मागे चालायला लागले. पिशवीत होतं काय, दोन टॉवेल आणि एक ओला कुर्ता. तो टाकून मी पळू शकत होते. पण पिशवी परत मागायची म्हणजे 'मला तुमच्यावर विश्वास नाही' असं तिच्या तोंडावर म्हणायचं, आणि ते मला जमेना. दोन गल्ल्या गेलो. तिसऱ्या गल्लीत दिवे नव्हते. मैत्रीण थांबली आणि मोठ्याने म्हणाली, 'मला नाही यायचं.' कारण नाही, काही नाही. माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं, पण ते शरमेने, की ही इतकी उर्मट कशी वागते! बाईने पिशवी खाली ठेवली आणि काही न बोलता निघून गेली.

ती कोण होती हे मला आजतागायत कळलेलं नाही. कदाचित खरंच भली बाई असेल आणि आम्ही तिचा अपमान केला असेल. मी कधी कधी मनात तिची माफी मागते. कधी कधी त्या तिसऱ्या गल्लीत जाते, स्वप्नात.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ना, तुमच्या केतकीला भीतीने नाही, भिडेने गाडीत बसवा.

मी_काठावरची
दीपमाळ __/\__

निशाचर
धाग्याचं सार्थक झालं. 'दमलीस गं' हे 'शॉर्टकट आहे'च्या शंभर पट भयानक आहे.

जुनाट
दीपमाळताई, तुमच्यावरून शोभराज आठवला. चार्ल्स शोभराजने सत्तरच्या दशकात आशियात फिरणाऱ्या तरुण परदेशी प्रवाशांना असंच गाठलं. त्याची पद्धत धाकदपटशाची नव्हती, शुश्रूषेची होती. आधी गुंगीचं किंवा पोट बिघडवणारं काहीतरी द्यायचं आणि मग आपणच औषधपाणी करायचं. परक्या मुलखात पडलेल्या पोराला वाटायचं, हा भेटला म्हणून वाचलो. १९७६ला दिल्लीत फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्याने हगवणीवरचं औषध म्हणून गोळ्या दिल्या. अंदाज चुकला, पोरं त्याच्यासमोरच पटापट कोसळायला लागली. ज्यांची शुद्ध होती त्यांनी त्याला धरलं.

अवांतर: १९८६ला तिहारमधून पळाल्यावर त्याला गोव्यात पकडणारे आपले मधुकर झेंडे. त्यांनी त्याला १९७१मध्येही पकडलं होतं.

मोरपंखी
थोडं विरोधात बोलते, चालेल ना?

या प्रकारच्या कथा मला आवडतात आणि त्यांचा रागही येतो. एक, जी मुलगी जास्त हसते, जास्त पिते, ती आधी मरते. जी घाबरट आणि शहाणी ती शेवटपर्यंत टिकते. थराराच्या वेष्टनात गुंडाळलेली आजीची तंबी आहे ती: उंबरठा ओलांडलास ना, भोग आता. दोन, शहरातली मुलं आडगावात जातात आणि आडगावातले सगळे जण दात नसलेले, मुके किंवा वेडे. जणू गरिबी हाच गुन्ह्याचा पुरावा. नकाशात जितकं लांब, तितका माणूस दुष्ट.

वाटचुकार, तुमचे काका कुठले आहेत?

वाटचुकार
मोरपंखी, चालेल काय, हवंच होतं. पहिल्या खर्ड्यात काका त्या जंगलातलेच होते आणि त्यांच्या गालावर व्रण होता. (हसू नका.) आता ते मुलांच्याच शहरातले निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना मुलांच्या कॉलेजातले दोन शिक्षक नावानिशी ठाऊक आहेत. तिघं सैलावतात ती तिथेच.

तिरकस
प्राध्यापक खलनायक! उंबरा सर, सांभाळून.

उंबरा
मी आजच दाढी काढली.

कंदील
सगळे गाडीतच अडकलेत. मला पुढचे दोन दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. घरात पोचल्यावर काय?

एक जुनी दंतकथा आहे, बऱ्याचदा १८८९च्या पॅरिस प्रदर्शनाच्या काळात घडलेली म्हणून सांगतात. आई आणि मुलगी हॉटेलात उतरतात, वेगवेगळ्या खोल्या. आईला बरं नसतं, मुलगी औषध आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. परत येते तो हॉटेलवाले म्हणतात, आपण तर एकट्याच आला होतात. नोंदवहीत आईचं नाव नाही. खोली उघडून दाखवतात: भिंतीवरचा कागद वेगळा, सामान वेगळं. काही आवृत्त्यांमध्ये उलगडा असा, की आईला प्लेग झाला होता आणि प्रदर्शनाच्या तोंडावर बोभाटा नको म्हणून सगळ्यांनी मिळून तिला पुसून टाकलं. खरं घडल्याचा पुरावा कुणाला मिळालेला नाही, पण या कल्पनेवर कादंबऱ्या आणि सिनेमे उभे राहिले.

यात मुलीला कुणी हात लावत नाही. तिला फक्त 'तुमची काहीतरी गल्लत होतेय' असं अदबीने सांगतात. तुमच्या कथेत हे वाक्य काकांना देऊ नका. रोहनला द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी म्हणते, रात्री माझ्या खोलीचं दार कुणीतरी बाहेरून लावलं होतं. रोहन म्हणतो, 'तू ना, जास्त विचार करतेस.' तो खोटं बोलत नाहीये, त्याचं दार उघडंच होतं.

निशाचर
बाप रे. कंदील, तुम्ही लिहा ना एखादी.

कंदील
लिहिल्यात. शेवट जमत नाही.

वळणवाट
शेवट न जमणं हाही एक रस्ता आहे. जोन लिंडसे यांच्या १९६७च्या 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक'मध्ये शाळकरी मुली सहलीतून नाहीशा होतात आणि त्यांचं काय झालं ते पुस्तक सांगतच नाही. उलगड्याचं प्रकरण लिहिलेलं होतं, पण प्रकाशनाआधी काढलं. लेखिकेच्या मृत्यूनंतर, १९८७ला, ते वेगळं छापलं गेलं. मी वाचलं, आणि मूळ पुस्तकाने वर्षानुवर्षं जपून ठेवलेली हुरहुर एका बैठकीत गेली.

मी_काठावरची
उलटही होतं. डच सिनेमा 'स्पूरलोस', १९८८: पेट्रोल पंपावर थांबलेल्या जोडप्यातली मुलगी गायब होते. कुणी नेलं हे आपल्याला लवकर कळतं. त्या माणसाला बायको आहे, मुली आहेत, तो आपल्या घरच्यासारखाच वाटतो. उरतं ते एवढंच, की तिचं झालं काय, आणि ते तो सांगतो. कसं ते मी नाही सांगणार. त्याच दिग्दर्शकाने १९९३ला अमेरिकेत तो पुन्हा केला आणि शेवट बदलला. दोन्ही पाठोपाठ बघा, मग शेवटाबद्दल बोलू.

मोरपंखी
पाठोपाठ नको, मधे एक झोप काढा. पहिल्यानंतर येणार नाही म्हणा.

वाटचुकार
चार दिवस गायब होतो. उतारा पुन्हा लिहिलाय. केतकीला पुढच्या सीटवर आणलंय. राक्षस, काटा आणि गूढ हास्य कचऱ्यात.

'"पुढे पूल दुरुस्तीला काढलाय," काका म्हणाले आणि फाट्यावर त्यांनी गाडी उभी केली. "डावीकडून जाता येईल, पण रस्ता जरा आतला आहे. तुम्हाला चालणार असेल तरच. नाहीतर इथे थांबा, तासाभरात एखादी बस मिळेल."

पाऊस लागला होता. फाट्यावर शेड नव्हती. केतकीने मागे बघितलं. रोहन खांदे उडवून हसला. सायली डोळे मिटून बसली होती, पण तिने पिशवीचा बंद मनगटाला दोनदा गुंडाळून घेतला होता.

तिला रस्ता नीट दिसावा म्हणून काकांनी त्यांच्या बाजूचं बटण दाबून तिची काच खाली केली. पाणी आत आलं. "अरेरे," म्हणत त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढला आणि तिच्याकडे न बघता दाराची कड पुसली.

"चालेल काका," केतकी म्हणाली.

वळल्यावर तिने मोबाइल बघितला. रेंज फुल होती. तिने आईला लिहिलं: उशीर होईल, काळजी करू नकोस, खूप चांगले काका भेटलेत.'

निशाचर
अरे देवा. 'खूप चांगले काका भेटलेत.'

तिरकस
विनोद सुचत नाहीये. अभिनंदन.

उंबरा
सायलीचा बंद! एवढ्या एका गोष्टीवर ती माणूस झाली. सूचना एकच: रोहनचं हसू काढून टाका. त्याने फक्त खांदे उडवावेत.

जुनाट
पूल खरंच दुरुस्तीला काढलाय की थाप?

वाटचुकार
खरंच काढलाय. पुढे पाटी दिसते. त्यामुळे केतकीला आपल्या संशयाची लाज वाटते आणि त्यानंतर ती तासभर काही विचारत नाही.

दीपमाळ
मला एक सांगा. ती काच परत वर कुणी केली?

वाटचुकार
दीपमाळताई, तुमचा प्रश्न वाचून उतारा पुन्हा उघडला. तिच्या बाजूचं बटण तिने दाबून बघायला हवं. आणि ते चालायला नको.